माळावरची सफर

‘सफारी’ हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या घरात आला तो शिंप्याच्या दुकानातून. जावयाला सफारी शिवण्याची रीत पडली, तेव्हा शिवणाऱ्याला आणि घालणाऱ्याला आफ्रिकेचा पत्ता ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वास्तविक हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतला ‘सफर’ फारसीच्या वाटेने मराठीत आला, तोच समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत गेला आणि स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला. अर्थ एकच, प्रवास. वाघसिंहांशी त्याचा संबंध पुढे साहेबांनी जोडला.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातले एक जोडपे केनियाला जाऊन आले. मसाई लोकांच्या वस्तीत त्यांनी दोन दिवस काढले, लाल वस्त्रे पांघरलेल्या तरुणांबरोबर उंच उड्या मारण्याचाही प्रयत्न केला. प्राध्यापकांच्या खोलीत पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. अखेर मी म्हणालो, “अहो, जनावरांमागे चालणारी माणसे आणि गवतावर जगणारे लांडगे आपल्या पुणे जिल्ह्यातच आहेत. विमानाचे भाडेसुद्धा नाही.” झाले! दिवाळी आटोपताच आम्ही आठजण एक गाडी ठरवून निघालो.

पहिला मुक्काम शिरसुफळचा. बारामती तालुक्यात शिरसुफळ आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडी, अशा दोन माळांवर वनखात्याने अलीकडे गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली आहे. सोबतीला स्थानिक वाटाड्या असतो. पिवळ्या गवतात प्रथम काहीच दिसत नाही. मग वाटाड्या बोट दाखवतो, आणि मातीच्याच रंगाचा एक ठिपका मान वर करतो. ती चिंकारा! शेपटी फडफडवते आणि दोन उड्यांत दिसेनाशी होते. या चिंकारांसाठीच १९९७ साली सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र फक्त ५१४ हेक्टर.

सूर्य वर आला तसा दूरच्या ताल्यावरून एक लांडगा चालत गेला. ना डरकाळी, ना ऐट. कामावर निघालेल्या माणसासारखा तो खाली मान घालून गेला. आमच्यातल्या सातवीतल्या कन्येने विचारले, “हाच का गोष्टीतला?” तोच. मात्र गोष्टीत तो फार आणि जगात थोडा. भारतीय लांडगे सुमारे तीन हजारच उरले असावेत, असा जागतिक निसर्ग संघटनेचा २०२५ सालचा अंदाज आहे.

तिथून दुपारी कोऱ्हाळे बुद्रुक गाठले. नीरा–बारामती रस्त्यावरच्या या गावाच्या शिवारात उभे राहिले की एका नजरेत दोन मुलूख दिसतात. इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नीरा डावा कालवा आला. पाणी उताराने जाणार, म्हणून कालव्याच्या खालचे, नदीकडचे रान भिजले, तिथे ऊस डोलू लागला. वरचे, उत्तरेचे रान कोरडेच राहिले. खालच्याला बागायत म्हणतात, वरच्याला जिराईत, आणि त्याहून वरच्या माळाला सरकारी दप्तरात ‘पडीक’. या शेवटच्या शब्दावर माझा राग आहे. या माळावर लांडगा, चिंकारा आणि मेंढपाळ असे तिघे पिढ्यान् पिढ्या पोट भरत आले, तो पडीक कसा?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या चुलत्यांचा वाडा तिथे उतरला होता. वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे, बरे का! धनगरांचा वाडा म्हणजे बाजरी काढलेल्या रानात मांडलेला उघडा संसार. जाळीची वाघर लावून केलेला मेंढ्यांचा कोंडवाळा, डालग्यात कोंबड्या, खुंट्याला दोन घोडी, चार कुत्री, तीन दगडांची चूल आणि वर आभाळ.

“या सर, बसा,” म्हणत तात्यांनी घोंगडी अंथरली. चहा झाला. मग केनिया पाहून आलेल्या बाईंनी मसाईंची कथा सांगितली. त्यांच्या देवाने आभाळातून गाई खाली सोडल्या आणि मसाईंच्या स्वाधीन केल्या. तात्या हसले. “आमची मेंढरं वारुळातनं निघाली. त्यांची वरनं आली, आमची खालनं.”

“आणि लांडगा आला तर?”

“येतोच की! आमच्यात त्याला खंडोबाचं कुत्रं म्हणत्यात. एखादं कोकरू नेलं, तर म्हणायचं त्याचा वाटा. पाच नेली तर मात्र राग येतो.” सरकारी भरपाईचे विचारले, तर म्हणाले, “पंचनाम्याला जागेवर थांबावं लागतं. आमचा वाडा सकाळी हललेला.”

दोन दिवसांनी हा वाडा कोकणाच्या वाटेला लागणार होता. तिथे भात निघालेले असते. रात्री शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. मृगाच्या आधी माघारी यायचे. वाटेत पुरुष मेंढ्यांबरोबर चालतात. घोड्यावर संसार लादून पुढचा तळ गाठायचा, चूल मांडायची, लेकरे-कोकरे सांभाळायची, हे बायकांचे काम. आक्कांनी ते इतक्या सहजपणे सांगितले, की दोन बॅगा भरताना घर डोक्यावर घेणारे आम्ही गप्पच झालो.

पण वाट दरवर्षी अरुंद होते आहे. कुठे कारखाना, कुठे प्लॉटांचे कुंपण, तर कुठे गवत मोडून लावलेली झाडे आणि त्यांसाठी खणलेले चर. झाडे लावणे पुण्याचे काम खरे, पण माळावर दाट झाडी झाली की चिंकारा जाते, मेंढी जाते आणि लांडगाही जातो. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीला कातरण्याची मजुरी सुटेल इतकाही भाव नाही. म्हणून पुष्कळजण मटणासाठी माडग्याळ जातीकडे वळले.

मला मसाईंचाच इतिहास आठवला. १९५९ साली त्यांना सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानातून बाहेर काढण्यात आले. जनावरे पाहायला जग लोटले, पण त्या जनावरांशेजारी शतकानुशतके गुरे चारणाऱ्यांना तिथे जागा उरली नाही. आपल्या माळावर सफर नुकती सुरू होते आहे. वाटाड्याला रोजगार मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. फक्त लांडगा पाहण्याचे तिकीट निघाले, म्हणून लांडग्याच्या शेजाऱ्याला हटकू नये.

निघताना मी तात्यांना नातीबद्दल विचारले. ती आजीजवळ गावात राहून नववीत शिकते, गणितात हुशार आहे. तिने हा धंदा पुढे चालवावा असे वाटते का? तात्या बराच वेळ वाघरीची गाठ आवळत राहिले. मग म्हणाले, “न्हाई सर. पोरीनं माळावर यावं असं न्हाई वाटत. पण माळ ऱ्हावा.”

वाचकहो, थंडीत एकदा जरूर जा. सकाळी सफर करा, पाखरे पाहा, चिंकारा पाहा. वाटेत वाडा दिसला तर गाडी लांब उभी करा, विचारल्यावाचून फोटो काढू नका, आणि जमल्यास हातमागाची एक घोंगडी विकत घ्या. सुरुवातीला टोचते, पण थंडी मात्र आत येत नाही.