स.न.वि.वि.

दिवाळी अंक घरात आले की आमचे अण्णा कपाटातून कोरी पोस्टकार्डं काढून ठेवत. कथा वाचून झाली म्हणून लगेच लिहायला बसत नसत. दोन-तीन दिवस ती मनात घोळू देत. मग 'स.न.वि.वि.' घालून बारीक अक्षरात लेखकाला पत्र, पत्ता मासिकाच्या संपादकांचा. एका लेखिकेला त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या कथेतली आजी पोळपाटावर भाकरी थापते. आमच्याकडे काटवटीत थापतात. तुमच्या भागात तशी पद्धत आहे का? सवडीने कळवावे."

लेखिकेचं पाठपोट उत्तर आलं. ती आजी कुठली, तिच्या घरातली काटवट कुठे गेली, सगळं त्यात होतं. आम्ही भावंडांनी ते कार्ड आळीपाळीने वाचलं. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही कथा आवडली असं लिहिलंच नाही की!" ते म्हणाले, "आवडली म्हणूनच विचारलं ना!"

अभिप्राय म्हणजे काय, ते मी अण्णांच्या त्या उत्तरातून शिकले.

आपल्याकडे वाचकाचं पत्र ही किरकोळ गोष्ट कधीच नव्हती. लोकहितवादींची, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांची, 'शतपत्रे' १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रांच्याच रूपाने आली. त्यांत त्यांनी आपल्याच समाजाला खडे बोल सुनावले होते. लिहिणाऱ्याचं धाडस आपण आठवतो, पण ती पत्रं छापणाऱ्या संपादक भाऊ महाजनांचं श्रेय मला तितकंच मोठं वाटतं. बोचणाऱ्या पत्राला जागा देणारा संपादक असला, तरच तशी पत्रं येत राहतात.

पुढे मी स्वतः लिहू लागले. हुरड्यावरचा माझा एक लेख पुरवणीत आला, तेव्हा 'लेख छान', 'असेच लिहीत राहा' अशी पत्रं आली. बरं वाटलं, पण त्यांतलं एकही आज आठवत नाही. आठवतं ते एका शेतकऱ्याचं. त्यांनी लिहिलं होतं, "आगटी, गोवऱ्या, चटणी, सगळं आलं. पण गरम कणसं चोळणाऱ्या बाईचे हात आले नाहीत. पाहुणे खातात तोवर ती चोळत असते. तिला विचारून बघा." मी गेले, विचारलं. तिच्या तळव्यांवर कोंडा चिकटला होता आणि बोलताना तिची नजर आगटीवरून हलत नव्हती. त्यातून माझा दुसरा लेख झाला. पहिल्यापेक्षा तो कितीतरी चांगला आहे.

आता गावच्या वाचनालयात आमचा वाचनकट्टा भरतो. सुरुवातीला मी विचारायची, "पुस्तक कसं वाटलं?" सगळे म्हणायचे, "छान!" आणि चहाकडे वळायचे. मग मी विचारू लागले, "वाचताना कुठे थांबलात?" एरवी गप्प बसणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "तो नवरा बायकोला न सांगता शेत विकतो तिथं. आमच्यात असंच झालं होतं." त्या संध्याकाळी चहा निवून गेला. पुस्तकाबद्दल इतकं खरं बोलणं मी मोठमोठ्या परिसंवादांतही ऐकलेलं नाही. लोकांना बोलायचं असतं. त्यांना नेमका प्रश्न हवा असतो, आणि आपलं म्हणणं कुणीतरी मनावर घेतंय याची खात्री हवी असते. म्हणून कट्ट्यावर कुणी काही बोललं की त्याला उत्तर दिल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

हल्ली लेख फोनवरून फिरतात आणि उत्तरादाखल अंगठे येतात. त्यामागे आपुलकी असतेच. पण वाचणारा कुठे अडखळला, त्याला काय आठवलं, त्याचं म्हणणं कुठे वेगळं आहे, हे लिहिणाऱ्याला कळत नाही, आणि तो पुढचं अंधारातच लिहितो.

तेव्हा यंदा दिवाळी अंक वाचाल, तेव्हा एका तरी लेखकाला लिहा. स्तुती नसली तरी चालेल. कुठे थांबलात तेवढं सांगा, एखादी शंका विचारा. संपादकांचा पत्ता अंकातच छापलेला असतो आणि पोस्टकार्ड अजूनही मिळतं.