उडीचे गणित

कोल्हापूरला कुस्तीइतकेच फुटबॉलचेही वेड आहे. पेठापेठांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले, की प्रेक्षकांची तहानभूक हरपते. कोपऱ्यातून चेंडू उंच येतो, एखादा खेळाडू त्यावर डोके मारण्यासाठी उसळतो आणि क्षणभर अधांतरी थांबल्यासारखा वाटतो. "काय तरंगतोय गडी!" असे उद्गार पाहणाऱ्यांच्या तोंडून निघतात.

तो खरोखर थांबतो का? गणित म्हणते, नाही. समजा, पाय सुटताना त्याचा वेग सेकंदाला ३०० सेंटिमीटर आहे. पृथ्वी त्याला सतत खाली ओढीत असते. म्हणून त्याचे शरीर किती वर चढले, हे काढण्याची रीत साधारण अशी : सेकंदांची ३०० पट करावी आणि तीतून सेकंदांच्या वर्गाची ५०० पट वजा करावी. यात काळाचा वर्ग येतो, म्हणून हे वर्गसमीकरण होय. ०.३ सेकंदाला ९० उणे ४५, म्हणजे ४५ सेंटिमीटर. हेच उडीचे शिखर. ०.६ सेकंदाला पाय पुन्हा जमिनीवर! शिखराजवळ वेग मंदावतो. त्यामुळे उडीचा निम्मा काळ तिच्या वरच्या चौथ्या हिश्शातच जातो आणि तरंगण्याचा भास होतो.

आता विचारावे, खेळाडू ४० सेंटिमीटर उंचीवर केव्हा असतो? समीकरण दोन उत्तरे देते : ०.२ आणि ०.४ सेकंद. पहिले चढतानाचे, दुसरे उतरतानाचे, दोन्ही खरी. वर्गसमीकरणांच्या अशा दोन उत्तरांचा विचार भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच आपल्या 'बीजगणित' ग्रंथात केला होता. पण ५० सेंटिमीटर विचारताच समीकरण मुके होते. तेवढ्या वेगाला ती उंची साधतच नाही. मग हवेत कितीही धडपड केली, तरी व्यर्थ!

मात्र पाय सुटतानाचा वेग ३०० ऐवजी ३१७ असेल, तर तीच उंची गाठता येते. हा थोडासा जास्तीचा वेग पाय जमिनीवर असतानाच कमवावा लागतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशी कोल्हापुरातील फुटबॉल संघांची नावे आहेत; त्या नावांतच हे मर्म सांगितलेले आहे. पहाटे घातलेल्या बैठका प्रेक्षकांना कधी दिसत नाहीत. त्यांना दिसते ती अर्ध्या सेकंदाहून थोडी मोठी उडी. तिच्यामागे वर्षांची मेहनत उभी असते.