कप्पीआधी दोर

जहाजाचं मॉडेल बनवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात: किती दिवस लागले आणि किती खर्च आला. कप्प्या कुठून आणल्या, हे कोणी विचारत नाही. खरं तर मॉडेलची परीक्षा तिथेच होते.

कप्पी म्हणजे विहिरीवर असते तीच. शिडाच्या जहाजावर ती लाकडाच्या लंबगोल कवचात बसवलेली असते. आत फिरणारं चाक आणि कवचाभोवतीच्या खाचेत घट्ट बसलेला दोराचा वेढा. शीड चढवायचं असो की परबाण, म्हणजे शिडाची आडवी काठी, फिरवायची असो, दोर कप्पीतूनच जातो. मोठ्या युद्धनौकेला अशा हजारभर कप्प्या लागायच्या.

मी बनवतोय ते जहाज म्हणजे 'एचएमएस त्रिंकोमाली'. जमशेटजी बमनजी वाडियांनी १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ही फ्रिगेट आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. माझी १:६४ प्रमाणातली त्रिंकोमाली पुण्यातल्या फ्लॅटमधलं डायनिंग टेबल अडवून बसली आहे.

बाजारात कप्प्यांची पाकिटं मिळतात, ३ मिलिमीटर, ५ मिलिमीटर अशा मापांची. वाटतं, मोठ्या जागी ५ लावू, छोट्या जागी ३. पण खऱ्या जहाजावर आधी दोर ठरायचा आणि मग त्याला साजेशी कप्पी. जुना ढोबळ नियम असा, की दोराचा जितका घेर, त्याच्या तिप्पट कप्पीची लांबी. म्हणजे ३ इंच घेराच्या दोराला ९ इंची कप्पी. १:६४ ने भागलं की कप्पी येते साधारण साडेतीन मिलिमीटरची आणि दोराची जाडी ०.३८ मिलिमीटर. त्याच दोऱ्याला ५ मिलिमीटरची कप्पी लावली, की बाळाने बाबांच्या चपला घातल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला नियम माहीत नसतो, पण काहीतरी खटकतंच.

म्हणून आधी एक्सेल उघडलं. दोराचं नाव, घेर, प्रमाणातली जाडी, कप्पीची लांबी, नग. कप्प्या शोधायला निघालो ते त्यानंतर.

पाकिटातल्या स्वस्त कप्प्यांचे दोष ठरलेले असतात. कडा चौकोनी, वेढ्याची खाच उथळ आणि भोक बरोब्बर मध्यभागी. खऱ्या कप्पीत दोर चाकाच्या एका अंगावरून फिरतो, त्यामुळे मॉडेलमध्ये भोक एका टोकाकडे हवं. शिवाय अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा इतक्या ठळक, की एवढ्याशा तुकड्यावर त्या फळीसारख्या दिसतात. बॉक्सवुडच्या किंवा पेअरच्या सुबक कप्प्या परदेशातून मागवता येतात, पण कुरियर आणि कस्टम ड्यूटी धरली की हजारभर कप्प्यांचा हिशोब ईएमआयसारखा वाटायला लागतो.

मी मधला मार्ग काढला. ज्या संख्येने जास्त आणि मापाने लहान, त्या विकत घ्यायच्या. डबीला आतून सँडपेपर चिकटवायचा, कप्प्या आत टाकायच्या आणि डबी ड्रिलवर फिरवायची. कडा गोल होतात. खाच मग बारीक कानशीने खोल करायची. मोठ्या, नजरेत भरणाऱ्या कप्प्या मात्र घरीच बनवायच्या.

त्यासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो.

"काका, हळदू मिळेल?"

"किती फूट?"

"वीतभर."

काकांनी चष्मा वर केला. "काय बनवताय?"

"कप्प्या."

"विहिरीच्या?"

फोनवर फोटो दाखवला. त्यांनी कोपऱ्यातल्या तुकड्यांमधून एक पिवळसर तुकडा उचलून दिला. पैसे घेतले नाहीत. हळदूच्या रेषा बारीक असतात, धारेखाली सहसा चिरफळत नाही, माझ्या कामाला अगदी योग्य.

त्याची पट्टी काढायची, अंतरं आखायची, सगळी भोकं एकदम पाडायची, मग सगळ्या खाचा, आणि शेवटी एकेक कप्पी कापून गोल करायची. एकेक कप्पी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करण्यापेक्षा हे कितीतरी वेगाने होतं. हीच कल्पना इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत दोनशे वर्षांपूर्वी राबवली गेली होती. मार्क ब्रुनेलने कप्प्या बनवणारी यंत्रं आखली, हेन्री मॉडस्लीने ती घडवली. अशी ४५ यंत्रं. कोणी भोक पाडणार, कोणी खोबण, कोणी खाच. १८०८ साली तिथे १,३०,००० कप्प्या बनल्या. ११० कारागिरांचं काम १० माणसं करू लागली. आपली त्रिंकोमाली मुंबईहून निघून १८१९ मध्ये पोहोचली, ती याच बंदरात.

हे वाचताना आधी इंजिनियर म्हणून टाळी वाजवावीशी वाटली. मग वजाबाकी केली. शंभर.

माझं काम टेस्ट ऑटोमेशनचं. मी लिहिलेल्या स्क्रिप्ट्स रात्री चालतात आणि सकाळी रिपोर्ट तयार असतो. त्या नीट चालायला लागल्यावर आमची हाताने टेस्टिंग करणारी ११ जणांची टीम ३ जणांवर आली. गेलेल्यांमध्ये एक मॅडम होत्या, पंधरा वर्षं हेच काम केलेल्या. कुठलीही स्क्रीन समोर आली की त्या आधी विचारायच्या, "इथून पुढे काय जाणार आहे?" बटण दिसतंय का, हा प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचा. माझ्या स्क्रिप्ट्समधल्या निम्म्याहून जास्त केसेस मुळात त्यांच्या वहीतल्या होत्या.

यंत्राने बनवलेली कप्पी वाईट नसते. ब्रुनेलची तर एकसारखी आणि भरवशाची होती. माझ्या स्क्रिप्ट्सही उत्तम चालतात, आणि मी त्या बंद करा म्हणणार नाही. पण कुठला दोर कुठून जाणार, हे माहीत असलेलं माणूस यादीत आकडा म्हणून धरलं जातं, आणि वजा करताना तेवढंच वजा झालं असं वाटतं. तसं नसतं. माझ्या एक्सेलचा पहिला कॉलम 'दोर' आहे. ती सवय त्यांच्याकडून लागली.

मागच्या महिन्यात ४० कप्प्या ओळीने मांडून त्यांना फोटो पाठवला. त्या आता दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीत आहेत. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "सुंदर झाल्यात रे. दोर ओवून बघितलास का?"

दिवा जवळ ओढला, सुईत दोरा घातला आणि पहिल्या कप्पीपासून सुरुवात केली.