मग रडायचं कशाला?

बालमित्रांनो, 'मातीला जाणं' हा शब्द तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला असेल. गावात कुणी वारलं, की लोक म्हणतात, "दुपारी मातीला जायचंय." बहुतेक घरांत दहन होतं, तरी शब्द तोच वापरतात. आम्हां ख्रिस्ती लोकांत मात्र तो अगदी शब्दशः खरा असतो. आम्ही आपल्या माणसाला मातीत ठेवतो आणि जमलेला प्रत्येक जण आपल्या हाताने मूठभर माती आत टाकतो.

माझ्या आजोबांना अशी माती दिली तेव्हा मी आठवीत होतो. १९९४ सालचा नोव्हेंबर महिना. आमचं गाव अहमदनगर जिल्ह्यातलं. आता त्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात. या भागातली ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईला आले आणि १८३१ साली त्यांनी नगरला काम सुरू केलं. पुढे कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीची पुष्कळ गीतं आणि अभंग मराठीत रचले. आमच्या चर्चमध्ये ती पेटी, तबला आणि टाळांच्या साथीवर म्हटली जात. पेटी वाजवायचे आमचे आजोबा. आठवडाभर शाळेत मास्तर, सकाळ-संध्याकाळ शेतकरी आणि रविवारी पेटीवाले!

आजोबा पहाटे गेले. मुंबई-पुण्याचे पाहुणे यायचे होते, म्हणून माती दुसऱ्या दिवशी ठरली. तालुक्याहून बर्फाच्या लाद्या आणल्या. रात्री सुताराच्या पडवीतून ठोकण्याचा आवाज येत राहिला. सकाळी बैलगाडीतून लाकडी पेटी दारात आली. "आजोबांची पेटी आली," असं कुणीतरी म्हणालं. माझा आतेभाऊ तेव्हा सहा वर्षांचा. तो धावत बाहेर गेला, पेटी पाहून परत आला आणि म्हणाला, "ही ती पेटी नाही. हिला तर सूरच नाहीत!"

त्याला काय सांगावं ते कुणालाच सुचेना.

अख्खा गाव अंगणात होता. आजोबांनी ज्यांना बाराखडी शिकवली, ते आता स्वतःच आजोबा झालेले होते. शेजारचे वारकरीबाबा गळ्यात टाळ अडकवून आले आणि चर्चमध्ये आमच्याबरोबर गाणी म्हणायला बसले. चाली आजोबांच्या ओट्यावर ऐकून त्यांना पाठच होत्या. पेटीवर काका बसले. त्यांचे सूर मधेच चुकत, पण त्या दिवशी कुणी त्यांना टोकलं नाही.

उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं, की आजोबा आता देवाजवळ आहेत, तिथे दुःख नाही, दुखणं नाही. आणि एक दिवस आपली सगळ्यांची भेट होणार आहे. हे ऐकताना आत्या पदर तोंडाशी धरून हुंदके देत होती. तेवढ्यात आमच्या छोट्या पाहुण्याने मोठ्यांदा विचारलं, "आजोबा चांगल्या ठिकाणी गेलेत ना? मग सगळे रडतात कशाला?"

खरं सांगू का, हाच प्रश्न माझ्याही मनात होता, पण आठवीतला मुलगा असं चारचौघांत थोडंच विचारतो!

उत्तर दिलं आजीने. तिने त्याला मांडीवर ओढलं आणि हळूच म्हणाली, "तुझी आई कामाला मुंबईला जाते, तेव्हा तू एस.टी.मागे पळत रडतोस की नाही?"

"रडतो."

"ती शनिवारी येणार, हे ठाऊक असतं ना तुला?"

"असतं."

"तरी रडतोस ना? तसंच आहे हे."

पाळकसाहेबांनीही हे ऐकलं असावं. दफनभूमीत त्यांनी लाजराची गोष्ट सांगितली. शुभवर्तमानात ती आहे. लाजर हा येशूचा मित्र. तो मरण पावला आणि येशू त्याच्या कबरेपाशी आला. आपण त्याला पुन्हा उठवणार, हे येशूला ठाऊक होतं. तरीही मित्राच्या बहिणीचं दुःख पाहून तो रडला. पाळकसाहेब म्हणाले, "तेव्हा कुणी डोळे पुसायची घाई करू नका. रडणाऱ्याची श्रद्धा कमी असते, असं समजू नका."

मित्रांनो, ख्रिस्ती माणूस ज्याला 'आशा' म्हणतो, ती ही अशी आहे. ती रडू थांबवत नाही. रडून झाल्यावर घरी परतायचं बळ देते. ख्रिस्ती घरांतल्या निधनाच्या बातमीत 'प्रभूमध्ये निद्रिस्त झाले' असे शब्द तुम्ही वाचले असतील. दफनभूमीला इंग्रजीत जो 'सेमेटरी' शब्द आहे, तो मूळच्या ग्रीक शब्दावरून आला आणि त्याचा अर्थच मुळी 'झोपण्याची जागा' असा आहे. झोपलेला माणूस उठतो, हा विश्वास त्या नावातच आहे. येशूने गव्हाच्या दाण्याचा दाखलाही दिला होता. दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. मेला, तर पुष्कळ पीक देतो.

आमच्या गावच्या दफनभूमीला लागूनच शेतं आहेत. आजोबांच्या शेतात गव्हाची पेरणी निम्मी झाली होती आणि निम्मं वावर तसंच पडलं होतं. मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो, तर वारकरीबाबा आपले बैल आणि पाभर घेऊन उरलेलं वावर पेरत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आठवड्याभरात कोंब वर आले. आतेभाऊ रोज बांधावर उकिडवा बसून ते पाहायचा.

आता आठवणींचं सांगतो. आजोबांचं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक काकांनी पेटीखालून काढलं. त्याच्या समासांत जागोजाग पेन्सिलीने बारीक अक्षरांत नावं आणि तारखा होत्या. आम्हांला आधी काही कळेना. मग आजीने सांगितलं, की कुणाच्या मातीला कोणतं गीत म्हटलं, ते आजोबा त्या गीताशेजारी लिहून ठेवत. कुणाची म्हातारी आई होती, कुणाचं तान्हं बाळ. तीस-पस्तीस वर्षांतली गावची सगळी गेलेली माणसं त्या पुस्तकात होती. पुढे ते गीत रविवारी आलं, की आजोबा त्या घरी जाऊन पाच मिनिटं बसून येत. काकांनी त्या संध्याकाळी पेन्सिलीला टोक काढलं आणि एका गीताशेजारी आजोबांचं नाव लिहिलं.

आठवण ठेवण्याच्या अशा रीती ठिकठिकाणी आहेत. वसईकडचे कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, कबरी झाडून-धुऊन त्यांवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. आम्ही १९९५ साली ईस्टरच्या दिवशी, १६ एप्रिलला, उजाडायच्या आत आजोबांच्या कबरेपाशी गेलो. ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण. हातात मेणबत्त्या होत्या आणि वाऱ्याने त्या सारख्या विझत होत्या. गाताना आत्या पुन्हा रडली. आतेभाऊ या वेळी काही विचारत बसला नाही. त्याने नुसता तिचा हात धरला. घरी आल्यावर आजीने नव्या गव्हाची खीर केली आणि पहिली वाटी वारकरीबाबांकडे पाठवली.

मुलांनो, तुमच्या वर्गातल्या कुणाचे आजी-आजोबा गेले, तर "रडू नको" असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि चार दिवसांनी विचारा, "तुझे आजोबा कसे होते रे?" तो सांगत सुटेल, बघा. आणि ज्यांचे आजोबा या क्षणी चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधताहेत, त्यांनी हे पान इथेच ठेवावं आणि आधी त्यांना चष्मा शोधून द्यावा. मग त्यांच्या आवडीचं एक गाणं त्यांच्याकडून शिकून घ्यावं.