सिडनीच्या समुद्रकाठी डबी शोधताना

इकडे वर्षावास सुरू होता, पावसाने मुंबईत पाणी तुंबत होते, आणि आम्ही दोघे नवरा-बायको लेकीकडे ऑस्ट्रेलियात थंडीने कुडकुडत होतो. तिकडे ऑगस्ट म्हणजे हिवाळा. लेक-जावई दोघेही कामावर जाणारे. नातू नऊ वर्षांचा. त्याला मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत येते. आम्ही पडलो वर्कशॉपमधले फिटर, आमचे इंग्रजी नट-बोल्टापुरते. पंधरा दिवस झाले तरी आजोबा-नातवाचे बोलणे 'जेवलास का' आणि 'येस' यापुढे सरकले नव्हते. पोरगा गुणी आहे, पण हा म्हातारा आपल्या काय कामाचा, असे त्याला वाटत असावे. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटू लागले होते.

एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, बाँडीपासून कूजीपर्यंत समुद्रकाठाने चालत जाऊ. सहा किलोमीटर आहे. हा वाटेत डबी शोधणार आहे."

या डबीच्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी सार्वजनिक जागी एक डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी ते आकडे मोबाईलवर घेऊन डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि होती तिथेच परत ठेवायची. मोठ्या डबीत लहानसहान वस्तू असतात. एक घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी टाकायची. जमिनीत पुरायची नाही, हा पक्का नियम. पूर्वी अमेरिका आपल्या उपग्रहांचे सिग्नल सामान्य लोकांसाठी मुद्दाम बिघडवून सोडत असे. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी ते बिघडवणे बंद झाले आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगॉन राज्यात झाडीत एक बादली ठेवली. तिच्यात वही-पेन्सिल होती, पुस्तके होती आणि चक्क घेवड्याच्या बियांचा डबाही होता! तेव्हापासून हे वेड जगभर पसरले.

बाँडीचा किनारा सोडला की वाट खडकांच्या कडेने जाते. वालुकाश्माचे पिवळे-तांबूस कडे, वाऱ्याने आणि खाऱ्या पाण्याने पोखरलेले. खाली निळे पाणी असे आपटते की बोलणे ऐकू येत नाही. त्या दिवसांत दूरवर व्हेल मासे जातात म्हणून लोक कठड्याला टेकून उभे होते. आम्हाला काही दिसला नाही. पण मार्क्स पार्कजवळ खडकावर कोरलेली माशासारखी आकृती दिसली. ती तिथल्या मूळ रहिवाशांची, गोरे येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणाऱ्यांची. आम्ही तिथे बराच वेळ उभे राहिलो. छिन्नी धरणाऱ्या माणसाला दुसऱ्याची रेघ ओळखू येते. लोखंड नसताना ही रेघ कशी ओढली असेल?

पुढे टामारामा, ब्राँटी. मग वेव्हर्ली दफनभूमी, १८७७ साली सुरू झालेली. समुद्राकडे उतरत गेलेल्या संगमरवरी कबरी, आणि कड्याच्या बाजूने लाकडी पूल. राबणाऱ्या गरिबांविषयी लिहिणारा हेन्री लॉसन १९२२ साली वारला, तो इथेच आहे. नातवाची आजी म्हणाली, "मेल्यावर एवढी मोठी जागा! आपण दहा बाय दहात पाच माणसं राहिलो."

क्लोव्हेलीच्या पुढे कुठेतरी (नेमके कुठे ते सांगणार नाही, सांगितले तर खेळच संपतो) मोबाईलने 'आलात' असे दाखवले. आकडे मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेले असतात. अक्षांशाचा असा एक हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर. पण मोबाईलचीच चूक पाच-दहा मीटरची. शेवटचे काम डोळ्यांचे. पोरगा झुडपात, बाकाखाली, दगडांच्या फटीत शोधू लागला. आम्हीही वाकलो.

येणारे-जाणारे बघू लागले. कुत्रा घेऊन चाललेल्या एका बाईने थांबून विचारले, काही हरवले का? बाई चांगल्या होत्या. तरी आमचे अंग आकसले. लहानपणी गावी कोणाच्या बांधावर नुसते वाकलो तरी "काय रे, काय उचलतोस?" असा आवाज यायचा. आजीने बाही ओढली, "चला, लोक बघतात." पोरगा रडवेला झाला होता. अर्धा तास होत आला.

कठड्याला हात टेकून आम्ही उभे राहिलो आणि सवयीने जोड बघू लागलो. खांबाच्या तळपट्टीला चार भोके, चार बोल्ट, प्रत्येकाखाली गंजाचा ओघळ. मधल्या आडव्या पट्टीला मात्र आणखी एक बोल्ट होता. तिथे जोडच नव्हता! जिथे काही जोडायचेच नाही तिथे बोल्ट कशाला? आणि त्याच्याखाली गंजाचा डागही नाही. नखाने उचकटला तर सुटून हातात आला. मागे लोहचुंबक, पोटात कागदाची सुरळी.

"आजोबा, तुम्हाला कसं कळलं?" अख्खे वाक्य, मराठीत.

कागद दोन सूत रुंद. सूत म्हणजे काय तेही त्याने विचारले. इंचाचा आठवा भाग, आम्ही सांगितले. त्याने आपले नाव लिहून पेन्सिल आजीकडे दिली. तिने साक्षरता वर्गात शिकलेली सही केली, सावकाश, मराठीत. त्या सुरळीवर बाकी सगळी इंग्रजी अक्षरे होती. बोल्ट होता तसा परत लावला.

कूजीच्या आधी टेकाडावर, बाली बेटावर १२ ऑक्टोबर २००२ रोजी झालेल्या बाँबस्फोटातल्या मृतांचे स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाची ८८ माणसे गेली. तिथे थोडे थांबून आम्ही खाली उतरलो, डब्यातल्या चपात्या खाल्ल्या आणि बस धरली.

बसमध्ये पोरगा पुढच्या सीटखाली डोके घालून बघत होता.

"आजोबा, हा खरा का खोटा?"

"खरा."

"कशावरून?"

"त्याच्यावर पान्याची खूण आहे बघ. कोणीतरी आवळलाय तो."