सुरूची रांग आणि चौमासी चौदस



डहाणूहून तलासरीकडे जाताना आमची छोटी चिकूवाडी आहे. पश्चिमेच्या बांधावर सुरूची चौदा झाडे. १९८४ मध्ये मी सून म्हणून आले, त्याच पावसाळ्यात सासूबाईंनी लावलेली. मुंबईचे पाहुणे त्यांना 'पाइन' म्हणतात. दिसतात तशी, पण ती पाइन नव्हेत. ज्यांना आपण सुया म्हणतो त्या खरे तर बारीक हिरव्या काड्या असतात. त्यांचे काम समुद्रावरचा वारा अडवण्याचे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा या रांगेच्या आडोशाचे चिकू उभे राहिले.

गेल्या वर्षी ज्येष्ठात यांतली सहा झाडे शेंड्याकडून पिवळी पडली. खोडावर भुशाच्या जाळ्या दिसल्या. एक लाकूडवाला म्हणाला, चौदाही देऊन टाका, चांगले पैसे देतो. मुलगा म्हणाला, "मम्मी, नाहीतरी मरणारच आहेत." हे गप्प राहिले. मला मात्र पंधरा कर्मादानांतले वनकर्म आठवले.

शेजारच्या वाडीतल्या भाऊंनी दुसरा उपाय सांगितला. प्रत्येक भोकात औषधाचा बोळा घाला, वर माती लिंपा, आतली अळी मरेल. आता सांगा, झाड एकेंद्रिय आणि अळी त्रस जीव. जाणूनबुजून मारायची कशी? आणि झाडाकडे नुसते बघत तरी कसे बसायचे? दोन रात्री झोप लागली नाही.

शेवटी बी.कॉम. कामी आले. वही काढली, रकाने आखले: झाडाचा नंबर, शेंडा, साल, बुंधा, पाणी. वाडी सांभाळणाऱ्या काकांना बरोबर घेऊन चौदाही झाडे पाहिली. वाळलेल्या फांदीची साल नखाने खरवडली; आत हिरवे असेल तर फांदी जिवंत.

ताळा लागला तेव्हा चूक आमचीच निघाली. जाळ्या तीन निरोगी झाडांवरही होत्या, म्हणजे दोष एकट्या अळीचा नव्हता. पण आजारी सहाही झाडे रस्त्याकडची. आदल्या वर्षी आम्हीच रस्ता रुंद केला आणि उरलेली माती त्यांच्या बुंध्याशी दीड-दोन फूट लोटली. पावसात पाणी तिथेच साचले, मुळांना हवा मिळेना. काका म्हणाले, "बाई, गळ्यापर्यंत पुरलंय त्यांना."

सहापैकी दोघांच्या सालीवर फोड होते, आतून काळी पूड निघत होती. सालीचा तुकडा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवला. ती बुरशी होती. ती बहुधा कमजोर झाडालाच धरते.

माती काढायलाच हवी होती, आणि चौमासी चौदस चार दिवसांवर आलेली. चौमासात खोदकाम नाही, हा आमच्या घरचा नियम. कार्तिकी पुनमेपर्यंत थांबले असते तर आणखी एक पावसाळा झाडे गुदमरली असती. मग कुदळ न लावता खुरप्याने माती काढली. गांडुळे घमेल्यात घेऊन चिकूखाली सोडली. मुळांचा वरचा फुगवटा उघडा झाला, पाणी जायला उथळ चर केला. औषध घातले नाही, जाळ्या तेवढ्या हलक्या हाताने झाडल्या. चौदसीच्या आदल्या संध्याकाळी काम संपले.

जीव मेले नाहीत असे मी म्हणणार नाही. खुरप्याखाली किती गेले, देव जाणे. चौमासात साध्वीजींकडे आलोचना घेतली, आयंबिल केले. पण हातात होते ते केले नसते, तर तोही दोषच होता असे मला वाटते.

यंदा चार झाडांना नवी हिरवी पालवी आहे. एक अर्धे वाळलेले, त्याचा भरवसा नाही. एक गेले. ते पुनमेनंतर उतरवले, विकले नाही. लाकूड काकांच्या चुलीला दिले. बुरशी पुढे जाऊ नये म्हणून शेजारच्या झाडापर्यंत मधे चर खणला.

सुरूचे आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचे. सासूबाईंची रांग कधीतरी संपणारच, म्हणून मोकळ्या जागी उंडी आणि करंज लावले आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या अंगणातले झाड सुकत असेल तर औषधाआधी बुंधा बघा. बहुतेक वेळा आपणच काहीतरी लोटून ठेवलेले असते.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.