गुंतवळ

आमच्या घरात केसांच्या बाबतीत माझं मत कोणी विचारत नाही. ज्याचं शेत पडीक, त्याने बियाण्यांवर बोलू नये, असा काहीसा नियम असावा. वास्तविक न्यायाने पाहिलं तर उलट व्हायला हवं. एक सबंध डोकं ज्याने डोळ्यांदेखत रिकामं होताना पाहिलं, नाना तेलं चोपडली, उशीचे अभ्रे खराब केले, त्याच्याइतका अनुभवी माणूस कुठे मिळणार? पण लोक पैसे कसे मिळवावेत हे श्रीमंताला विचारतात आणि केस कसे राखावेत हे ज्याला आहेत त्याला. त्या गृहस्थाला ते बहुधा आजोबांच्या इस्टेटीतून मिळालेले असतात. तो मात्र गंभीर चेहऱ्याने सांगतो, "मी रोज सकाळी उपाशीपोटी एक आवळा खातो."

त्यामुळे २०२३ च्या नोव्हेंबरात आमच्या हिचे केस गळायला लागले, तेव्हा जे सल्लागार मंडळ नेमलं गेलं त्यात मी नव्हतो.

हिचे केस हा आमच्या घरातला एक दागिनाच. आई मुलगी पाहून आली तेव्हा तिने मला एवढंच सांगितलं होतं, "वेणी कमरेखाली जाते." नाक-डोळे वगैरे किरकोळ तपशील मला नंतर फोटोत पाहावे लागले. तर ती वेणी. सुरुवात मोरीपासून झाली. पाणी तुंबायला लागलं म्हणून प्लंबरला बोलावलं. त्याने जाळी उचलून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, पाइपाला काही झालं नाही. केस आहेत." बोलता बोलता त्याने सवयीने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि मला तेवढ्यापुरतं निर्दोष सोडलं. मग कंगव्यात, मग उशीवर, मग पोळीच्या कणकेत. आमटीत केस निघाला तर पूर्वी मी बोलत असे. आता तो गुपचूप ताटाच्या कडेखाली सारायला लागलो.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती साताऱ्याहून माक्याच्या तेलाची बाटली घेऊन एस.टी.ने जातीने हजर झाली. हे तेल ती स्वतः करते. माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं आणि आवळकाठी खोबरेलात घालून मंद आचेवर ठेवायचं आणि तडतड थांबेपर्यंत, म्हणजे पाण्याचा अंश जाईपर्यंत, जवळून हलायचं नाही. "गॅस मोठा केलास की तेल करपलं," असं ती म्हणते. धाकट्या मेहुणीने कांद्याचा रस सुचवला. तो लावून ही खाली भाजी आणायला गेली, तर लिफ्टमध्ये एकाने "आज कुणाकडे भजी?" अशी प्रेमाने चौकशी केली. समोरच्या काकूंचा संशय बोअरच्या पाण्यावर होता. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी शीर्षासन सांगितलं. त्यांच्या डोक्यावरचं पीक पाहता ते स्वतः जन्मापासून शीर्षासनात असावेत. बंगळूरहून चिरंजीवांनी एक शांपू पाठवला.

त्या शांपूची बाटली मी नीट वाचली. सल्फेट नाही, पॅराबेन नाही, सिलिकॉन नाही. आमच्या लहानपणी बाटलीवर आत काय आहे ते लिहीत. आता काय नाही ते लिहितात. लग्नाच्या स्थळाची माहिती वाचावी तसं वाटलं: मुलाला सुपारीचंही व्यसन नाही. बरं, पण तो करतो काय? तर "केसांना आतून पोषण देतो" म्हणे. मी तोवर थोडं वाचन केलं होतं (रिकाम्या डोक्यात माहितीला जागा भरपूर असते). केसाचा जो भाग आपल्याला दिसतो, तो मृत असतो. जिवंत काय ते मूळ, आणि ते कातडीच्या आत. दिसणारा केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. मेलेल्याला जेवू घालायची पद्धत आपल्याकडे आहे, नाही असं नाही, पण ती पितृपक्षात. त्यासाठी चारशे रुपयांची बाटली लागत नाही.

शांपू या शब्दाचीही गंमतच आहे. मूळ तो आपल्याकडच्या चंपीचा, म्हणजे चोळण्या-दाबण्याचा. पाटण्याचा शेख दीन महंमद हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनच्या समुद्रकिनारी गेला आणि गोऱ्या साहेबांना वाफेत बसवून रगडायला लागला. पुढे तर तो खुद्द राजाचा नेमलेला चंपीवाला झाला. साहेबाने शब्द ठेवून घेतला, रगडणारे हात काढून टाकले आणि उरलेला फेस बाटलीत भरून आपल्याला परत पाठवला.

आत्याला मी हे सांगितलं. तिने शब्दाचा उगम ऐकून घेतला आणि हिला म्हणाली, "ये गं, बस पाटावर." आणि पाऊण तास हिचं डोकं तिच्या दोन हातांत होतं. ही तिथेच पेंगली.

एवढं सगळं चाललं होतं ते हसत-खेळतच, असं मी धरून चाललो होतो. ही स्वतः थट्टा करायची. "तुमच्या पंगतीला येऊन बसते आता," म्हणायची. पण रात्री दिवा मालवायच्या आधी आरशासमोर उभी राहून विचारायची, "अहो, खरं सांगा, भांग रुंद दिसतोय का?" संसारात याहून अवघड प्रश्न मला कोणी घातलेला नाही. "नाही" म्हणावं, तर "तुमचं लक्षच कुठे असतं माझ्याकडे." "हो" म्हणण्याची प्राज्ञा नाही. मी म्हणायचो, "दिवा जरा मागे आहे, त्याने वाटतंय."

एके दिवशी वीजबिल शोधायला म्हणून मी कपाटाचा खण उघडला. लग्नपत्रिकेचं एक जाडजूड पाकीट हाताला लागलं. आत गुंतवळ. विंचरताना कंगव्यात येतात त्या केसांची बोटाभोवती गुंडाळून केलेली छोटी छोटी वेटोळी. रोजचं एक. चाळीसेक तरी असतील. पूर्वी बायका गुंतवळ साठवत, ती गंगावन करायला. आता गल्लीतून "केसांवर भांडी" ओरडत जाणारे ती विकत घेतात. हिला भांडं नको होतं. मी पाकीट जागेवर ठेवत होतो तेवढ्यात ही दारात आली. म्हणाली, "टाकवत नाहीत हो."

दुसऱ्या दिवशी मी सल्लागार मंडळ बरखास्त केलं आणि कातडीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर म्हणजे तिशीतली एक मुलगी. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि सहानुभूतीने म्हणाली, "बसा काका. किती वर्षं झाली?" मी म्हटलं, "मी केस नाही, केस यांची आहे." हिने पर्समधून ते पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं, मुलगी हसणार. ती हसली नाही. तिने एका वेटोळ्यातून एक केस सोडवला, उजेडात धरला आणि हिला दाखवला. "काकू, टोकाला हा पांढरा ठिपका दिसतो?"

"तेच ना. मुळासकट येतोय."

"मूळ नाही ते. मूळ जागेवरच आहे. ज्या केसाची मुदत संपली, त्याच्या टोकाला असा ठिपका असतो. गेल्या तीन-चार महिन्यांत मोठा ताप आला होता का?"

आला होता. ऑगस्टात डेंग्यू झाला होता. पाच दिवस इस्पितळात काढले, पपईच्या पानांचा रस झाला, किवी नावाचं ते केसाळ फळही झालं. पण तो ताप गेला, आम्ही सत्यनारायण घालून विसरलोही. डॉक्टर मुलीने मग समजावून सांगितलं ते असं. आपल्या डोक्यावर साधारण लाखभर केस. त्यातले दहांतले नऊ एका वेळी वाढत असतात, उरलेले विश्रांतीला. वाढ दोन ते सहा वर्षं, विश्रांती सुमारे तीन महिने, मग तो केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. त्यामुळे निरोगी माणसाचेही दिवसाला पन्नास ते शंभर जातातच. पण मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण असं काही झालं की शरीर काटकसर करतं आणि वाढत्या केसांतल्या पुष्कळशांना एकदमच रजेवर पाठवतं. ते लगेच गळत नाहीत. रजा भोगून, तीन महिन्यांनी, एकगठ्ठा गळतात. म्हणजे आजारपणाचं बिल ऑगस्टचं, आणि वसुली नोव्हेंबरात.

"मग औषध?"

"रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासू. डाळी, उसळी, अंडं चालत असेल तर अंडं. ओले केस ओढून विंचरू नका, घट्ट बांधू नका. आणि थांबा. सहा महिने."

"तेल?"

"आवडत असेल तर लावा."

हे शेवटचं वाक्य आत्याला कळवताना मी थोडं मीठमसाला लावून सांगितलं. पण तेलाची बाजूही मांडायला हवी. २००३ साली मुंबईतल्या दोघा संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशी तीन तेलं केसांवर लावून पाहिली. धुण्याआधी लावलेलं खोबरेल तेवढं केसात शिरलं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज त्याने कमी केली; बाकी दोघं नुसती वरवर. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, पण म्हणून खोबरं खोटं ठरत नाही.) म्हणजे तेलाने केस उगवत नाहीत, असलेला तुटायचा वाचतो. आत्या म्हणाली, "हे मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं."

खरी अडचण फेब्रुवारीत आली. भाचीचं लग्न. हिने आधी आजारी पडायचं ठरवलं, मग उशिरा जायचं, मग डोक्यावरून पदर घ्यायचं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आत्याने आपल्या ट्रंकेतून जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी काढलं. गंगावन. तिच्याच गुंतवळीचं, १९६८ साली तिचं लग्न झालं त्यानंतर जमवलेलं. आत्याचं डोकं आता कापसासारखं पांढरं. हे मात्र काळंभोर, कालच विंचरल्यासारखं. पांढरे होतात ते मुळातून नवे येणारे केस; डोक्यावरून उतरलेल्यांचं वय तिथेच थांबतं. आत्या त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "घे, बस. खोपा घालते."

लग्नात हिच्या खोप्याची फार तारीफ झाली. "काय बाई केस राखलेत!" असं वरमाईसुद्धा म्हणाली. ही गोरीमोरी झाली. आत्या शेजारीच उभी होती. "राखलेतच मुळी," ती म्हणाली, "छप्पन वर्षं."

एप्रिलमध्ये हिच्या कपाळावर, भांगाच्या कडेने, बोटाच्या पेरापेक्षा आखूड असे केस उभे राहिले. तेल लावलं तरी बसेनात. एखाद्या लहान मुलाचं जावळ काढल्यावर दिसतं तसं. डॉक्टर मुलीच्या हिशेबाने केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्या दराने ही पलटण कमरेपर्यंत पोहोचायला पाच-सहा वर्षं लागणार. म्हणजे हिच्या वेणीचं जे टोक टिकून होतं, ते कोरोनाच्या आधीचं, आणि कपाळावरचे हे ताजे. डोकं एक, साल वेगवेगळी.

केस आल्याची बातमीही फुटली. आत्याने माक्याला श्रेय दिलं. मेहुणीने कांद्याला दिलं. काकूंनी सोसायटीने मध्यंतरी टाकी धुवून घेतली होती तिला दिलं. बँक मॅनेजर मला जिन्यात थांबवून म्हणाले, "केलं ना शीर्षासन शेवटी?" मी सगळ्यांना हो म्हटलं. प्रत्येकाचं औषध अगदी वेळेवर पोहोचलं होतं. सहा महिने तसेही होणारच होते.

परवा हिच्या मैत्रिणीचा नाशिकहून फोन आला. टायफॉइडमधून उठली होती, आणि आता केस. मी पेपर वाचायचं निमित्त करून ऐकत होतो. हिने मुदत संपलेल्या केसाचा पांढरा ठिपका सांगितला, तीन महिन्यांचं बिल सांगितलं, लोह आणि उसळी सांगितल्या. मला अभिमान वाटला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि हे बघ, मी तुला आमच्या आत्यांचं तेल पाठवते. गॅस मोठा न करता केलेलं आहे."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अगं, डॉक्टर म्हणाली ना आपोआप येतात म्हणून?"

"म्हणाली ना. पण सहा महिने ती नुसती बसून काय करेल?"

बाटली अर्धीच उरली होती. हिने बूच घट्ट लावलं, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि माझ्या हातातला पेपर काढून घेऊन ती त्यात गुंडाळायला लागली.